बगळ्याची ढाल

ट्रॉय, मिशिगन
१४ जानेवारी २००७

चि. सुजातास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

बुधवारी मिस्टर हायरस्कोवांनी मला सांगितलं, की ते गेल्यावर त्यांच्या शवपेटीसमोर त्यांच्या घराण्याची ढाल मी मोडायची. म्हणून हे पत्र. फोनवर निल्सचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस. पत्रही ठेवून देता येतं, पण आधी ते वाचावं लागतं.

ढाल म्हणजे लढाईची नव्हे. जेवायच्या ताटाहून थोडी मोठी लाकडी फळी आहे. निळ्या रंगावर पांढरा बगळा, एक पाय वर घेतलेला, खाली पाण्याच्या दोन रेघा. डेन्मार्कच्या जुन्या सरदार घराण्यांत अशी रीत होती, की घराण्यातलं शेवटचं माणूस गेलं की त्याची ढाल कबरीपाशी मोडायची आणि तुकडे त्याच्याबरोबर पुरायचे. हे नाव आता संपलं, असं त्यातून जाहीर व्हायचं. मिस्टर हायरस्कोव स्वतःला शेवटचे समजतात. एकुलता एक निल्स नोव्हेंबरात हायवेवर ट्रकखाली गेला. त्यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि उन्हाळा दिसणार नाही हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांना स्पष्टच आवडतं.

आणि तुझी हर्षिता पाच महिन्यांची गरोदर आहे.

आता क्रमाने लिहिते, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं. जूनमध्ये हर्षिताची नोकरी गेली, तिच्याबरोबर इन्शुरन्सही गेला. निल्सच्या इन्शुरन्सवर नाव लागावं म्हणून दोघांनी काउंटी क्लर्कच्या ऑफिसात जाऊन लग्न केलं. माझा प्रफुल्ल साक्षीदार होता. तुला कळवल्यावर तू म्हणालीस की ही नुसती सही झाली. लग्न डिसेंबरात, नागपूरला, भन्तेजींसमोर, आणि तोवर कुणाला काही कळता कामा नये. तू त्या मुलाकडून शब्द घेतलास. त्याने तो बापाशीसुद्धा पाळला. ऑगस्टमध्ये तू आणि ज्ञानदेव मिस्टर हायरस्कोवांकडे जेवायला आलात. मुलांचं कुठवर आलं, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस की अजून लग्न नाही, आणि आमच्या घरात लग्नाआधी काही होत नाही. मग हर्षिताची झोपायची सोय वेगळ्या खोलीत करायला लावलीस. नवरा-बायको होती ती. निल्स सोफ्यावर झोपला. प्रफुल्ल हे हसत हसत सांगायचा. आता सांगत नाही.

निल्स गेला तेव्हा मी नागपुरात तुझ्या पत्रिका वाटत होते, त्यामुळे पुढचं मी सूनबाईकडून, रुपालीकडून ऐकलं. चर्चमध्ये पहिली रांग घरच्यांची. हर्षिताला लग्न ठरलेली मुलगी म्हणून दुसऱ्या रांगेत बसवलं. तू तिच्या शेजारी होतीस. एक वाक्य पुरलं असतं. तू तिच्या हातात टिश्यू दिलास.

दर बुधवारी रुपाली मला मिस्टर हायरस्कोवांकडे सोडते. मी मुगाची पातळ खिचडी नेते, ते चार चमचे खातात आणि तेराव्या शतकापासून बोलायला लागतात. माणूस सरळ आहे. जन्मभर मोटारी बनवणाऱ्या कंपनीत मातीचे नमुने घडवले, आता दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. सरदारकीचे सगळे हक्क त्यांच्या देशाने १८४९ सालीच काढून घेतले, हे त्यांनीच मला सांगितलं. उरलं आहे ते नाव आणि नियम. नियम असा, की बाप घराण्यातला हवा आणि मूल लग्नातलं हवं. एके काळी आईचंही कूळ बघत, आता ते बघत नाहीत. हर्षिताच्या बाळासाठी त्यांनी पाळण्याचं लाकूड आणून ठेवलं आहे. पण ते म्हणाले की ते मूल निल्सचं असेल, मला लाडकं असेल, फक्त हायरस्कोव नसेल.

मी तिथेच तोंड उघडलं असतं. हर्षिताने मला आणि प्रफुल्लला शब्दात अडकवलं आहे. ती म्हणते की बाबांनी जन्मभर जातीचे दाखले दाखवले, प्रत्येक टेबलासमोर आपण कोण ते सिद्ध केलं; पोटातल्या मुलासाठी दाखला हातात घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहणार नाही. लग्न झालं नाही असं आईने सांगितलं आहे, झालं असं आईनेच सांगावं. मुलीचा हट्ट मला पटतो असं नाही. पण दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही.

मी ढाल मोडली तर माझ्या हाताने खोटं जाहीर होईल. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, आता या वयात खोटा इतिहास घडवणार नाही. त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही. तू तिकीट काढ, त्यांच्यासमोर बस आणि एक वाक्य बोल.

ज्ञानदेवांचं ब्लडप्रेशर कसं आहे ते कळव. मिठाचा डबा लपवून ठेव, लोणच्याची बरणीसुद्धा.

माझ्यावर लोभ असेल तर या खेपेला तो कृतीतून दिसू दे.

तुझी
सुमित्राताई


वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२२ जानेवारी २००७

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तू पत्र लिहितेस तेव्हाही फळ्यासमोर उभी असतेस आणि मी पहिल्या बाकावर. ज्ञानदेवांनी वाचून घडी घालून ठेवलं. त्यांचं न बोलणं आणि तुझं बोलणं, या दोहोंमध्ये मी राहते. त्यांचं ब्लडप्रेशर बरं आहे. लोणचं त्यांना सापडलं.

इथे थंडी कडक आहे. शनिवारी आयसेलिनच्या देशी बाजारात गेले होते. ज्या दुकानात हर्षिताची पांढरी साडी घेतली होती तिथली बाई ओळखून विचारायला लागली, लग्न कसं झालं. मी म्हटलं, छान झालं. गाडीत येऊन बसले, पण बराच वेळ चावी लावता येईना.

ताई, तू मला खोटारडी ठरवलंस. मी काय वाचवायला बघते आहे ते एकदा ऐक. आपल्या इथल्या विहाराच्या गटात मालिनी आहे. तिचा नवरा गेला तेव्हा ती चाळिशीचीसुद्धा नव्हती. आपण सगळे बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणणारे लोक. पण कुणाच्या घरी हळद असली की मालिनीला स्वयंपाकघरात काम देतात, आणि ती स्वतःच पुढे येत नाही. हे मी दर वर्षी बघते. हर्षिता एकोणतीस वर्षांची आहे. लग्न झालंच नाही असं राहिलं तर ती ठरलेलं मोडलेली मुलगी आहे, विधवा नाही. मूल इथे आपण वाढवू. अमेरिकेत कोण विचारतं.

आणि दुसरं. तू इतिहासाची प्राध्यापक, तुला मी काय सांगू. आपल्या आईवडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली ती कशासाठी? कूळ, रक्त, जन्माची उतरंड सोडण्यासाठीच ना. आणि आता तू माझ्या नातवंडाला सरदार करायला निघालीस. त्या म्हाताऱ्याच्या वहीत नाव लागलं नाही तर बाळाचं काय बिघडणार आहे? मला विचारशील तर तुला आनंद व्हायला हवा. एका सरदाराची ढाल आपल्या घरातल्या बाईच्या हातून मोडते आहे. आपली आजी असती तर तिने साखर वाटली असती. मोड तू खुशाल.

आपण कोण ते त्यांना माहीत आहे का? की तिथेही तू फक्त प्रोफेसर आहेस?

हर्षिता माझा फोन घेत नाही. ती लोहाच्या गोळ्या घेते का बघ. तिला लहानपणापासून गोळी गिळता येत नाही, केळ्यात घालून द्यावी लागते. हे तिला सांगू नकोस की मी सांगितलं.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
सुजाता


ट्रॉय
३ फेब्रुवारी २००७

चि. सुजातास,
सप्रेम जयभीम.

तुझा टोमणा वाचला. मला आनंद झालेला नाही.

आपण कोण ते त्यांना माहीत आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं की तुमच्याकडे सरदार असतात का, आणि तुम्ही त्या उतरंडीत कुठे. मी सांगितलं की तुमची उतरंड जिथे संपते त्याच्याही खाली आमच्यासाठी एक पायरी होती, गावाच्या बाहेर. त्यांनी पुढे विचारलं की किती पिढ्यांची नावं ठाऊक आहेत. त्यांच्याकडे माणूस गेला की शवपेटीवर सोळा पूर्वजांच्या ढाली लावत, त्यामुळे त्यांना सोळा खापरपणजे-पणज्या तोंडपाठ आहेत. मी म्हटलं की आमच्या आजोबांच्या वडिलांपर्यंत पोचते. त्यापलीकडच्या लोकांना गावाने नाव घेऊन हाक मारलीच नाही.

मग ते सरदार कसे झाले, हे मी विचारलं. आधी तिथे उमरावांच्या पदव्या नव्हत्याच. जो राजासाठी घोडा, चिलखत आणि माणसं घेऊन लढायला जाईल त्याला सारा माफ. बस, तेवढ्यावर सरदारकी. पुढे सोळाव्या शतकात राजाने हुकूम काढला की प्रत्येक घराण्याने कायमचं आडनाव घ्यावं, तेव्हा अनेकांनी ढालीवरचं चित्रच नावात घेतलं. यांच्या ढालीवर बगळा, म्हणून हायरस्कोव, बगळ्यांचं रान. त्यानंतर राजे लोक कागद देऊन सरदार करायला लागले, काउंट आणि बॅरन आले, आणि जुनी घराणी या नव्यांना नाक मुरडायला लागली. मी म्हटलं, हा भाग मला समजावून सांगायची गरज नाही.

ते ऐकताना मला आपल्या आजोबांचे वडील आठवले. त्यांनीही पलटणीत बंदूक धरली होती. त्यांना सारा माफ झाला नाही, उलट पुढे आपल्या लोकांची भरतीच बंद झाली. तीच चाकरी, तेच रक्त सांडणं. एकाला ढाल मिळाली, दुसऱ्याला घरी पाठवलं. हे मी मिस्टर हायरस्कोवांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की म्हणजे हा सगळा कुणाच्या लहरीचा प्रश्न होता. मी म्हटलं, होय. तेव्हा सरदारकी काय असते ते मला कळतं. मी तुझ्या नातवंडाला सरदार करायला निघालेली नाही.

मुद्दा वेगळा आहे आणि तू तो टाळते आहेस. विधवा म्हणतील म्हणून तू तुझ्या मुलीला लग्नाशिवाय आई केलंस. ज्या उतरंडीला तू नावं ठेवतेस तिच्यात औरस आणि अनौरस या दोन पायऱ्या आहेत, आणि बाळाला खालच्या पायरीवर त्या म्हाताऱ्याने बसवलेलं नाही. त्याला जे सांगितलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. मालिनीला स्वयंपाकघरात पाठवणारे लोक चूक आहेत. मग तू त्यांच्याशी भांड. हर्षिताला कशाला लपवतेस?

आता बुधवारची गोष्ट. मी गेले तेव्हा त्यांनी टेबलावर जुनी चादर पसरून ढाल पालथी घातली होती. हातात करवत. म्हणाले की लाकूड ओकचं आहे, म्हातारीच्या हातून मोडायचं नाही, म्हणून मागून खाच पाडून ठेवतो. पुढून दिसणार नाही. त्यांना फळी दाबून धरता येईना, ती सरकत होती. त्यांनी मला ती धरायला सांगितली.

मी धरली, सुजाता. बगळ्याच्या मानेच्या बरोबर खाली त्यांनी खाच पाडली. भुसा माझ्या मनगटावर पडत होता. मधे ते थांबून थांबून श्वास घेत होते आणि मी त्यांच्या मुलाचं मूल पुढच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीच्या पोटात आहे, लग्नातलं आहे, हे ओठांत दाबून बसले होते. काम झाल्यावर त्यांनी फुंकर मारून भुसा साफ केला, आणि विचारलं की मी ही ढाल मोडीन ना. मी म्हटलं की विचार करून सांगते. त्यांना वाटलं मला दुःख होतं आहे म्हणून. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पाळण्याचं लाकूड कोपऱ्यात तसंच आहे. ते आता होणार नाही असं म्हणाले.

केळं घेऊन गेले होते. गोळी गिळली गेली.

तुझ्याकडे फार दिवस नाहीत. लोभाची भाषा आज लिहीत नाही.

सुमित्राताई


ट्रॉय
८ फेब्रुवारी २००७

डिअर आई,

मोठ्या मावशीने सांगितलं की मराठीत लिही, नाहीतर आई इंग्लिशमागे लपते. सो मराठीत ट्राय करते. स्पेलिंग बघू नको.

मी तुझे फोन घेत नाही कारण तू हॅलो म्हणून लगेच खाल्लंस का विचारतेस. मी खाल्लं. बेबी किक करते. मुलगी आहे, काल कळलं. मावशीला अजून सांगितलं नाही, तुलाच फर्स्ट सांगते.

मला निल्सच्या डॅडच्या, ओव्हेच्या फॅमिली नेमचं काही पडलेलं नाही. निल्सला पण नव्हतं, तो त्या बर्डला चिकन म्हणायचा आणि ओव्हे चिडायचे. मला फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फ्युनरलला त्या सीट दाखवणाऱ्या अशर माणसाने मला हळूच विचारलं की तू वाइफ आहेस का. मी तुझ्याकडे बघितलं. आय वेटेड. तू खाली बघितलंस. मग मी म्हटलं नो.

मी माझ्याच नवऱ्याच्या फ्युनरलला नो म्हटलं, आई. ते मी म्हटलं, तू नाही, आय नो. पण मला अजून राग तुझाच येतो.

ओव्हे आता दिवसभर झोपलेले असतात. मी संध्याकाळी जाऊन बसते. ते मला खूप प्रेमाने मिस म्हणतात. मिस हर्षिता. प्रत्येक वेळी.

यायचं असेल तर ये. नाहीतर नको येऊ, पण मग नंतर पण नको येऊ.

हर्षिता


नेवार्क विमानतळ
१५ फेब्रुवारी २००७

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातातच देईन. तरी लिहिते, कारण इथे बसून दुसरं काही करता येत नाही.

हर्षिताचं पत्र मिळालं त्याच दिवशी बुधवारचं तिकीट काढलं. बुधवारी सगळीकडे बर्फाचं वादळ. विमानं रद्द झाली, आज पुन्हा रद्द झाली. लोक जमिनीवर कोट पसरून झोपले आहेत. ज्ञानदेव घरी परत ये म्हणतात. मी परत गेले तर पुन्हा निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून बसून आहे.

तू म्हणतेस तसं एकच वाक्य आहे. मी ते इंग्रजीत पाठ केलं आहे. माझी मुलगी जूनपासून तुमच्या मुलाची कायदेशीर बायको होती आणि हे लपवायला मी त्यांना लावलं. शेवटचा भाग म्हणताना जीभ अडखळते. एवढी वर्षं अमेरिकेत राहून मी फक्त दुकानातलं आणि ऑफिसातलं इंग्रजी शिकले, असलं काही बोलायची वेळ आली नव्हती.

सकाळी धीर करून त्यांच्या घरी फोन लावला. नर्सने घेतला. म्हणाली ते झोपेत आहेत, मॉर्फिन वाढवलं आहे, निरोप असेल तर द्या, मी लिहून घेते. ताई, असा निरोप कसा द्यायचा? मी म्हटलं की हर्षिताची आई येते आहे एवढं सांगा. तिने माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

शुक्रवारी दुपारच्या विमानात जागा मिळेल असं म्हणतात. आल्यावर मला जे बोलायचं ते बोल, पण हर्षितासमोर नको.

सुजाता


ट्रॉय
२५ फेब्रुवारी २००७

श्री. ज्ञानदेव यांस,
सप्रेम जयभीम.

सुजाता बाळंतपणापर्यंत इथेच राहणार आहे. काय घडलं ते ती तुम्हाला फोनवर सांगू शकणार नाही, म्हणून मी लिहिते.

मिस्टर हायरस्कोव शुक्रवारी, १६ तारखेला पहाटे गेले. सुजाता त्याच संध्याकाळी पोचली. विमानतळावर तिला प्रफुल्लने सांगितलं. गाडीत बसल्यावर तिने ते पाठ केलेलं वाक्य हळू आवाजात इंग्रजीत म्हटलं, सगळं, एकदा. प्रफुल्लने गाडी चालू केली नाही.

मी नर्सला विचारलं. निरोप दिला होता. हर्षिताची आई येते आहे हे ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि खोलीत आणखी एक खुर्ची आणून ठेवायला सांगितली. तेवढंच. खुर्ची होती तिथे, मी पाहिली.

मंगळवारी अंत्यसंस्कार झाला. माणसं थोडीच होती, बहुतेक म्हाताऱ्या डॅनिश बायका आणि त्यांच्या जुन्या कामावरचे दोघे. आमच्याकडून आम्ही पाच जण. प्रार्थना झाल्यावर पाद्रीबुवांनी ढाल शवपेटीवर ठेवली. ही रीत आपण फक्त ऐकून आहोत, पण मृताची तशी इच्छा होती, त्यांच्याबरोबर हे घराणं संपतं आहे आणि मिसेस सुमित्रा ही ढाल मोडतील, असं त्यांनी सांगितलं. मी उठले नाही.

सुजाता उठली. तुमच्या बायकोला मी पन्नास वर्षं ओळखते आणि मोठ्यांदा बोलताना मी तिला क्वचित पाहिलं आहे. ती शवपेटीपाशी गेली, लोकांकडे नव्हे, पेटीकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलली. वाक्य पाठ केलं होतं त्याहून मोठं झालं. लग्न जूनमध्ये झालं होतं, ते मी लपवायला लावलं. ऑगस्टमध्ये तुमच्या टेबलावर बसून मी तुमच्याशी खोटं बोलले. नोव्हेंबरात माझी मुलगी दुसऱ्या रांगेत बसली ती माझ्यामुळे. मे महिन्यात जन्माला येणारी मुलगी लग्नातली आहे. व्याकरण बरंच चुकलं. सगळ्यांना सगळं कळलं.

मागच्या एका म्हातारीने हातातली टोपी खाली ठेवली. पाद्रीबुवा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की आता मोडायची की नाही. हे ठरवायचा हक्क माझा नाही, असं मी सांगितलं. मग सगळे हर्षिताकडे बघायला लागले. ती मागच्या रांगेत बसली होती. या खेपेला तिने जागा स्वतः निवडली होती.

ती सावकाश पुढे आली. आधी आईला म्हणाली की हे तू त्यांना जिवंतपणी सांगायला हवं होतंस, ते आता ऐकत नाहीत. मराठीत म्हणाली, त्यामुळे फक्त आम्हालाच कळलं. नंतर हर्षिताने पाद्रीबुवांना सांगितलं की घराणं संपलं असं म्हणू नका, ते खरं नाही. पण ढाल मोडू द्या. ओव्हेंनी स्वतः खाच पाडून ठेवली आहे, माणसाने मरताना केलेलं शेवटचं काम आपण वाया घालवायचं नाही. माझ्या मुलीला तिच्या बापाचं नाव आहे, तिला फळीची गरज नाही.

तिने ढाल उचलून कठड्यावर टेकवली आणि दाबली. मोडली नाही. ओक कडक असतो, आणि मिस्टर हायरस्कोवांची खाच हवी तेवढी खोल नव्हती. त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता, मला त्याच दिवशी कळलं होतं. तिने पुन्हा दाबली. सहाव्या महिन्यातली मुलगी, श्वास लागला. प्रफुल्ल पुढे झाला, तिने त्याला मानेनेच नाही म्हटलं. मग सुजाताने दुसरी बाजू धरली. हर्षिताने तिला थांबवलं नाही आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. दोघींनी मिळून दाबली तेव्हा मोडली. आवाज मोठा झाला, लोक दचकले.

रीतीप्रमाणे दोन्ही तुकडे पुरायचे असतात. मान आणि चोच असलेला वरचा तुकडा कबरीत गेला. खालचा हर्षिताने हातातच धरून ठेवला आणि कुणी मागितला नाही. जमीन इतकी गोठली होती की माती ढेकळांनी पडत होती.

हर्षिता अजून आईशी बोलत नाही. पण आईच्या हातचं जेवते, आणि गोळी केळ्यातच घेते. काल सुजाताने रुपालीच्या मैत्रिणींना, कुणी विचारलेलं नसताना, माझी मुलगी विधवा आहे असं सांगितलं. त्या बायकांनी कप खाली ठेवले. सुजाताने चहा ओतणं चालू ठेवलं. यापुढे तुमच्याकडेही कुणी विचारलं तर हेच सांगायचं. मालिनीबाईंना घरी जेवायला बोलवा, आणि जेवण तुम्ही रांधा.

घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं होतं. मिस्टर हायरस्कोवांना दुसरं कुणी नाही. त्यांच्या वस्तू आज, रविवारी, मी हर्षिताच्या स्वाधीन केल्या. तुमच्या माहितीसाठी नोंद देते, एक प्रत तुमच्याकडे ठेवा.

ढालीचा खालचा तुकडा, बगळ्याचे पाय आणि पाण्याच्या दोन रेघा असलेला. एक.
पाळण्यासाठी आणलेलं लाकूड, न कापलेलं. सर्व.
करवत, त्याच कामाची. एक.
निल्सचा लहानपणचा लोकरी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. एक.
नर्सने पलंगाशेजारी ठेवलेली जादा खुर्ची. एक. ती घरमालकाची निघाली, परत केली.

देणार : सुमित्रा
घेणार : हर्षिता हायरस्कोव. सही तिने स्वतः याच नावाने केली आहे.